तालमीवाचूनचा प्रकाश



नाटकाची प्रकाशयोजना शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती संहिता असते, तालमी असतात आणि दिव्यांच्या प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद असलेली वही असते. नट कोणत्या वाक्याला खिडकीपाशी जाणार, हे त्याला प्रयोगाच्या कितीतरी आधी ठाऊक असते. तरुणांच्या बँडचा कार्यक्रम हाती आला, की यांपैकी फारसे काही उरत नाही. बहुधा गाण्यांची एक यादी मिळते आणि तीही आयत्या वेळी बदलते. गिटारवादक एकट्याने दोन आवर्तने वाजवील की वीस, हे कित्येकदा त्याचे त्यालाही सांगता येत नाही. असे असूनही, किंबहुना असे असल्यामुळेच, हा कार्यक्रम प्रकाशयोजनेची एक उत्तम पाठशाळा ठरतो, हेच प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपाद्य आहे.

रंगमंचीय प्रकाशयोजनेला शिस्तबद्ध पद्धतीचे रूप देणाऱ्यांत अमेरिकेतील येल विद्यापीठाचे अध्यापक स्टॅन्ली मॅक्कँडलेस यांचे नाव अग्रभागी आहे. रंगमंचाचे लहान लहान विभाग पाडावेत आणि प्रत्येक विभागावर समोरून, डावीउजवीकडून, सुमारे ४५ अंशांच्या कोनात एक उबदार आणि एक शीतल छटेचा असे दोन दिवे सोडावेत, असे त्यांनी १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात सांगितले. या पद्धतीने नटाच्या चेहऱ्याला उठाव येतो. ती प्रत्येक विद्यार्थ्याने शिकावीच. परंतु प्रकाश केव्हा बदलावा, किती त्वरेने बदलावा आणि केव्हा मुळीच बदलू नये, हे दिव्यांच्या मांडणीचा आराखडा शिकवू शकत नाही. ते कानाने शिकावे लागते.

याचे एक बोलके उदाहरण न्यूयॉर्क शहरात घडले. तेथील सेकंड ॲव्हेन्यूवरील एका जुन्या नाट्यगृहात बिल ग्रॅहम यांनी ८ मार्च १९६८ रोजी ‘फिलमोर ईस्ट’ सुरू केले. २७ जून १९७१ रोजी ते बंद झाले. म्हणजे त्याचे आयुष्य सव्वातीन वर्षांचे. पण तेवढ्या काळात एक संपूर्ण पिढी तेथे रंगतंत्र शिकली. न्यूयॉर्क विद्यापीठात हा विषय शिकविणारे ख्रिस लँगहार्ट तेथील तांत्रिक व्यवस्था पाहत असत आणि त्यांचे विद्यार्थी तेथे काम करीत. एका रात्रीत सामान्यतः दोन खेळ होत. पहिल्या खेळात झालेली चूक दुसऱ्या खेळात सुधारता येई. मात्र पाठांतर उपयोगी पडत नसे, कारण तेच गाणे दुसऱ्यांदा निराळे रूप घेई. ऑलमन ब्रदर्स या बँडचे मार्च १९७१ मधील तेथील ध्वनिमुद्रण प्रसिद्ध आहे. त्यातील एकच गाणे सुमारे २३ मिनिटे चालते. एवढ्या दीर्घ वादनात संहितेचा आधार नसताना प्रकाश हाताळणाऱ्याला एकच मार्ग मोकळा राहतो, आणि तो म्हणजे ऐकण्याचा.

ऐकणे म्हणजे केवळ ठेका पकडणे नव्हे. सम येणार हे जाणत्या श्रोत्याला सम येण्यापूर्वीच कळते. प्रकाश हाताळणाऱ्यालाही ते तसेच कळले पाहिजे. यामागे एक भौतिक कारणही आहे. १००० वॅटच्या तारेच्या दिव्याची तार तापून पूर्ण उजळण्यास किंचित अवधी लागतो. समेवर बोट दाबणाऱ्याचा प्रकाश समेच्या मागून येतो, म्हणून हात थोडा आधी हलावा लागतो. आजच्या एलईडी दिव्याला हा विलंब जवळजवळ नसतो. तरी आधी ऐकून मग हात चालविण्याची सवय तेथेही सुटता कामा नये.

फिलमोर ईस्टमध्येच ‘जोशुआ लाइट शो’ हा गट काम करीत असे. बँडच्या मागे पडदा असे आणि पडद्यामागे बसलेले कलावंत काचेच्या पसरट भांड्यांत रंगीत पाणी व तेल हलवून त्यांच्या आकृती पडद्यावर पाडीत. येथे विद्यार्थ्यासाठी एक मोठा धडा आहे. वादकांवर समोरून भरपूर प्रकाश टाकला, तर तो पडद्यावर पसरून मागील चित्र फिके पडते. म्हणून दिवे बाजूने आणि वरून सोडावे लागतात, आणि रंगमंचाचा काही भाग जाणीवपूर्वक अंधारात ठेवावा लागतो. अंधार हीदेखील साधनसामग्रीच आहे, हे तेथे रोज सिद्ध होत असे.

ऑगस्ट १९६९ मधील वुडस्टॉक महोत्सवाने दुसरा धडा दिला. प्रकाशयोजनाकार चिप मंक यांनी तेथे मोठी सामग्री नेली होती. पण रंगमंचावरील छप्पर पूर्ण होऊ शकले नाही आणि दिवे टांगताच आले नाहीत. रात्रीच्या गायनवादनाची भिस्त मनोऱ्यांवरील फॉलो स्पॉटवर राहिली. आराखडा कोसळला, तरी गाणाऱ्याचा चेहरा लोकांना दिसला पाहिजे, हे या कलेचे पहिले कर्तव्य तेवढे उरले.

या कर्तव्याइतकेच महत्त्वाचे दुसरे कर्तव्य सुरक्षिततेचे आहे. २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्यावर १००० वॅटचा दिवा चार अँपियरहून थोडा अधिक प्रवाह घेतो. म्हणजे १५ अँपियरच्या जोडणीवर असे तीनच दिवे लावावेत. चौथा लावणे म्हणजे फ्यूज उडण्याला आणि वायर तापण्याला निमंत्रण होय. टांगलेल्या प्रत्येक दिव्याला मुख्य पकडीखेरीज सुरक्षेची वेगळी साखळी असावी आणि उघड्यावरील मनोरे वाऱ्याचा विचार करूनच उभारावेत. ऑगस्ट १९९० मध्ये ब्रुकलिन येथील उघड्यावरील कार्यक्रमात दिव्यांची सामग्री अंगावर कोसळून गायक कर्टिस मेफील्ड यांचे मानेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. १९९६ साली निघालेला अखेरचा गीतसंग्रह त्यांनी पाठीवर पडून, एकेक ओळ गाऊन ध्वनिमुद्रित केला. दिवे टांगणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ही हकीकत स्मरणात ठेवावी.

आपल्या देशात साधनांच्या तुटवड्याची तक्रार नेहमी ऐकू येते. ती खोटी नाही. परंतु परिणाम दिव्यांच्या संख्येवर अवलंबून नसतो, हे तापस सेन यांनी दाखवून दिले आहे. उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’ या नाटकात, १९५९ साली कोलकात्याच्या मिनर्व्हा नाट्यगृहात, त्यांनी कोळशाच्या खाणीत चढत जाणारे पाणी प्रकाशाच्या साहाय्याने उभे केले. ते नाटक होते आणि त्याला तालमी होत्या, हे खरे. पण पाहण्याची जी तीक्ष्णता त्यामागे होती, तीच बँडच्या कार्यक्रमात कमावता येते.

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनातील सहा दिवे या शिक्षणाला पुरेसे आहेत. दोन दिवे समोरून गायकाच्या चेहऱ्यासाठी, दोन मागून रंगीत जिलेटिन लावून, एक बाजूने वादकांच्या हातांसाठी आणि एक, नेहमी विसरला जाणारा, झांजांआड बसलेल्या ड्रमवादकासाठी. सहा दिव्यांसाठी १५ अँपियरच्या दोन वेगळ्या जोडण्या घ्याव्यात. पहिल्या गाण्यातच सगळे रंग उधळून टाकण्याचा मोह होईल; तो आवरावा, कारण शेवटच्या गाण्यासाठी काही शिल्लक राहिले पाहिजे.

कार्यक्रम संपल्यावर दिवे निवेपर्यंत ते उतरविता येत नाहीत. तेवढ्या वेळात विद्यार्थ्याने वही उघडून कोणत्या गाण्यात हात उशिरा हलला, कोठे प्रकाशाने गाण्यावर कुरघोडी केली आणि कोणाचा चेहरा रात्रभर अंधारात राहिला, याची नोंद करावी. नाटकाची वही प्रयोगापूर्वी भरते. ही वही प्रयोगानंतर भरते.