खेळण्यांचे बिऱ्हाड

घरात मूल जन्माला आले की त्याच्या मागोमाग खेळणी येऊ लागतात. बारशाला खुळखुळे येतात, वाढदिवसाला मोटारी आणि बाहुल्या येतात, जत्रेहून परतताना भिंगरी आणि शिट्टी येते. कपड्यांना कपाट असते, भांड्यांना मांडणी असते, देवांना देव्हारा असतो, पादत्राणांनाही दाराशी हक्काची जागा असते. खेळण्यांचे बिऱ्हाड मात्र बहुतेक घरांत कायम हलते असते. आज खाटेखाली, उद्या खुर्चीवर, पाहुणे येणार म्हटले की घाईघाईने एखाद्या खोक्यात. मग दिवेलागणीच्या सुमारास रोजचा तंटा सुरू होतो. ‘पसारा आवर’ असे तीन वर्षांच्या मुलाला दहा वेळा सांगितले जाते, आणि मूल जागचे हलत नाही. यात त्याचा हट्ट असतोच असे नाही. कोणती वस्तू कोठे ठेवावयाची हे ठरलेलेच नसेल, तर ‘आवर’ या शब्दाला मुलाच्या दृष्टीने काही अर्थ उरत नाही.

या अडचणीवर सर्वसाधारण घरांत दोन उपाय योजले जातात आणि दोन्ही सदोष आहेत. पहिला उपाय पेटाऱ्याचा. मोठी टोपली किंवा पेटी आणावी, तीत सगळी खेळणी लोटावी आणि झाकण लावावे. मोठ्यांच्या डोळ्यांना यात नीटनेटकेपणा दिसतो, पण मुलाला हवे असलेले लाकडी चाक नेमके तळाशी असते. ते काढण्यासाठी मूल सारी पेटी जमिनीवर उपडी करते आणि दोन मिनिटांत पसारा पहिल्याहून मोठा होतो. शिवाय जड झाकणाची पेटी लहान मुलाच्या बोटांना आणि डोक्याला धोक्याची असते. लपाछपीच्या भरात मूल तिच्यात शिरले आणि वरून झाकण पडले, तर गुदमरण्याचीही भीती असते. पेटी वापरावयाचीच असेल, तर तिचे झाकण काढून टाकावे हे उत्तम.

दुसरा उपाय काचेच्या कपाटाचा. मामाने परगावाहून आणलेली डोळे मिटणारी बाहुली, सावंतवाडीची रंगीत लाकडी फळे, किल्लीची आगगाडी अशी ‘चांगली’ खेळणी दिवाणखान्यात काचेआड मांडली जातात आणि कुलपाची किल्ली आईपाशी राहते. पाहुण्यांना ती कौतुकाने दाखविली जातात. ज्याच्यासाठी ती आणली ते मूल काचेला नाक लावून उभे असते. खेळणे महाग आहे आणि मोडेल, ही भीती खोटी नाही. परंतु कधीच हाती न येणारी वस्तू मुलाची आहे असे म्हणण्यात काही अर्थ नाही. ती घराची शोभा आहे असे सरळ म्हणावे आणि मुलाला वेगळे खेळणे आणून द्यावे.

कुलपाचा हा प्रश्न बालशिक्षणाच्या इतिहासात एकदा मोठ्या गमतीदार रीतीने उभा राहिला होता. 1907 साली रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. तेथील साहित्य कुलपाच्या कपाटात असे. शिक्षिकेने ते काढून मुलांना वाटावयाचे आणि शेवटी परत आत ठेवावयाचे, असा क्रम होता. एके दिवशी शिक्षिका उशिरा आली. आदल्या दिवशी कपाटाला कुलूप लावावयाचे राहून गेले होते. येऊन पाहते तो कपाट उघडे, आणि मुले त्यातील वस्तू उचलून नेत आहेत. तिला ही सरळ चोरी वाटली. माँटेसरीबाईंनी मात्र त्याच दृश्याचा वेगळा अर्थ लावला. वस्तूंशी मुलांची आता एवढी ओळख झाली आहे की आपल्याला काय हवे ते त्यांचे त्यांना निवडता येते, असा त्यांनी निष्कर्ष काढला. पुढे मुलांच्या हाताला पोहोचतील अशी बुटकी कपाटे आली.

पुढे 1939 साली त्या मद्रासजवळच्या अड्यार येथे आल्या आणि युद्धकाळात बरीच वर्षे त्यांनी भारतात शिक्षक तयार केले. त्याआधीच गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी हे विचार गुजरातीत आणि मराठीत रुजविण्यास आरंभ केला होता. 1945 साली ताराबाई बोर्डीला गेल्या. खेड्यातील बालवाडीला महागडे साहित्य परवडणारे नव्हते, म्हणून शंख, शिंपले, बिया, खडे आणि पाने यांनाच त्यांनी शिक्षणाचे साहित्य केले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या साहाय्याने हेच काम वाढले. उत्तम खेळण्यासाठी पैसा लागतोच असे नाही, ही गोष्ट त्यातून सिद्ध झाली. घरातील व्यवस्थेलाही तोच न्याय लागू आहे.

त्यासाठी खर्चाचे कपाट नको. तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारणपणे 95 सेंटिमीटर असते. त्याच्या डोळ्यांच्या वर जाणार नाही अशी दोन फळ्यांची बुटकी मांडणी पुरेशी होते. मुले मांडणीवर चढतात, म्हणून ती भिंतीला पक्की ठोकलेली असावी. एका खोलीच्या बिऱ्हाडात फडताळाचा सर्वांत खालचा कप्पा मुलाला तोडून द्यावा. जुन्या वाड्यांतून जमिनीलगतचा कोनाडा हेच काम बिनबोभाट करीत असे. ठोकळे एका परडीत, भातुकलीची भांडी दुसऱ्या डब्यात, मोटारी तिसऱ्या खोक्यात, असे ज्याचे त्याचे वेगळे घर असावे. वाचता न येणाऱ्या मुलासाठी डब्यावर आतल्या वस्तूचे चित्र चिकटवावे. मग ‘पसारा आवर’ याऐवजी ‘मोटारी त्यांच्या घरी पोहोचव’ असे सांगता येते. जागा फारच तोकडी असेल, तर एक जुनी चादर पसरावी, ठोकळ्यांचा सारा खेळ तिच्यावरच मांडावा आणि जेवणाची पाने घेण्यापूर्वी चारी टोके उचलून गाठोडे खुंटीला टांगावे.

मात्र मांडणी कितीही चांगली असली, तरी खेळणी बेसुमार असतील तर ती कोसळणारच. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठातील संशोधकांनी 2018 साली दीड ते अडीच वर्षांच्या 36 मुलांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. समोर 16 खेळणी असताना मुले एकीवरून दुसरीवर उड्या मारीत राहिली. चारच खेळणी असताना ती एकेका खेळण्याशी अधिक वेळ रमली आणि त्याचे अधिक निरनिराळे उपयोग त्यांनी शोधले. एवढ्याशा निरीक्षणावर फार मोठी इमारत उभारू नये. पण त्यातील गोष्ट मराठी घरांना अगदीच अपरिचित नाही. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे, गवळण आणि सिंहासनावरचे शिवाजीमहाराज सण सरताच कागदात गुंडाळून माळ्यावर जात आणि वर्षाने खाली उतरत, तेव्हा एखाद्याचा हात तुटलेला असला तरी त्यांचे स्वागत नव्याने होई. त्या काळी खेळणीच थोडी होती, म्हणून हे आपोआप घडे. आज ते हेतुपूर्वक करावे लागते. सहासात खेळणी खाली ठेवावी, बाकीची वर बांधून ठेवावी आणि दोनतीन आठवड्यांनी अदलाबदल करावी. एक अट मात्र पाळावी. मूल ज्या ठकीला कुशीत घेऊन झोपते, ती कोणत्याही अदलाबदलीत सापडता कामा नये.

बदलीच्या नोकरीतील कुटुंबांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. पुण्याहून दिल्लीस किंवा इंदूरहून हैदराबादेस बिऱ्हाड हलते, तेव्हा मुलाचे शेजारी, शाळा आणि रस्त्यावरची भाषा एकाच दिवशी बदलते. खेळण्यांचे खोके सामानात सर्वांत शेवटी बांधावे आणि नव्या घरात सर्वांत आधी सोडावे. गॅसची शेगडी जोडली जाण्यापूर्वी जुनी परडी ओळखीच्या उंचीवर मांडली गेली, तर ते परके घर मुलाला थोडेसे आपले वाटू लागते.

घरात दोन मुले असतील तर प्रश्न वेगळा होतो. थोरल्याच्या गोट्या, मणी, लोहचुंबकाचे तुकडे आणि बटणाएवढ्या विजेऱ्यांची खेळणी धाकट्याच्या हाताला लागू देऊ नयेत. तीन वर्षांखालील मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालून पाहते, आणि अशी विजेरी गिळली तर दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. तेव्हा थोरल्याचा डबा उंचावर आणि पक्क्या झाकणाचा असावा. येथे कुलूपही क्षम्य आहे, मात्र किल्ली त्याच्या विचाराने ठेवावी. 1 जानेवारी 2021 पासून हस्तकलेच्या काही वस्तू सोडल्या तर भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर मानक ब्यूरोचे चिन्ह आवश्यक झाले आहे. पण ते चिन्ह नव्या खेळण्याचे असते. तडकलेल्या मोटारीची धार आणि बाहुलीचा निखळू पाहणारा डोळा घरच्यांनीच शोधावा लागतो. परड्या आवरताना ही पाहणी सहज होते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कापडी बाहुल्यांना बुरशी धरते, म्हणून उघडीप मिळताच त्यांना ऊन दाखवावे.

आणखी एक छोटा डबा घरात हवा. त्यात काय असावे हे मोठ्यांनी ठरवू नये. कोंबड्याचे पीस, गुळगुळीत खडा, बाटलीचे बूच, लग्नपत्रिकेवरचा सोनेरी गणपती, तुटक्या घड्याळाचा काटा अशी संपत्ती मुले जमवितात. साफसफाईच्या दिवशी ती केरात जाते आणि नंतरच्या आकांताचे कारण कोणालाच उमगत नाही. त्यातील टोकदार वस्तू मुलाला दाखवून, त्याच्याशी बोलून बाजूला काढावी, बाकीचे तसेच असू द्यावे. वाढत्या वयाबरोबर मागे पडलेली खेळणी शेजारच्या बालवाडीला द्यावयाची असली, तरी काय द्यावयाचे हे मुलालाच निवडू द्यावे. ते बहुधा पहिल्यांदा आपल्याला नकोसे झालेले आणि मोडलेले खेळणे पुढे करील. ते दुरुस्त करून, धुऊन, सगळे तुकडे मोजून मगच न्यावे, आणि शक्य तर मुलाला बरोबर घेऊन.