कुत्र्याला अंडे : उकडून आणि बेताने

(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



विषय ऐकताच आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटले. अन्यत्र मीही हसलो असतो. परंतु आपण नवापुरात आहोत. भारतातील बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये याच तालुक्यात झाली. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, अंडी नष्ट करावी लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये हा रोग येथे पुन्हा उद्भवला. पोल्ट्रीच्या कुंपणाशी फुटक्या अंड्यांची वाट पाहणारी कुत्री आपण सर्वांनीच पाहिली आहेत.

मी पशुवैद्य नव्हे, कलाशाखेचा पदवीधर आहे. जाणकारांकडून समजून घेतले तेवढेच सांगतो. अंडे कुत्र्याला वर्ज्य नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रथिने असतात. मात्र ते पूर्ण उकडलेले, पांढरे व पिवळे दोन्ही घट्ट झालेले असावे. कच्च्या पांढऱ्या बलकातील ॲव्हिडिन हे द्रव्य बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवते. एखाद्या अंड्याने काही बिघडत नाही, पण नित्याच्या सवयीने कातडीचे व केसांचे विकार संभवतात. शिजविल्याने ॲव्हिडिन निष्प्रभ होते.

दुसरा धोका साल्मोनेला जंतूंचा. कुत्रा वरकरणी धडधाकट दिसतो, परंतु त्याच्या विष्ठेतून जंतू बाहेर पडत राहतात; आणि अंगणात त्याच्याशी खेळतात ती आपलीच मुले.

घरातील उरलेली भुर्जी मात्र कुत्र्यापुढे टाकू नये. तिच्यातील कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मीठ-तिखटही नको. दहा किलो वजनाच्या कुत्र्याला आठवड्यातून दोन-तीनदा अर्धे अंडे पुरे. अर्थात, अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून येणारे अंडे बालकाचे. त्यात कुत्र्याचा वाटा नाही, हे शिक्षकांना सांगायला नको.

आता मुख्य मुद्दा. थायलंडमध्ये २००४ साली बर्ड फ्लूच्या क्षेत्रातील मेलेले बदक खाऊन एक कुत्रा त्याच रोगाने दगावला. तेव्हा हा रोग केवळ पक्ष्यांचा, असे समजून स्वस्थ बसता येत नाही. पोल्ट्रीतील फुटकी, मळकी अंडी आणि मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर फेकू नयेत. कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून त्या पुराव्यात. खड्ड्यासाठी जागा ठरवून देणे ग्रामपंचायतीला अवघड नाही, आणि खर्चही फारसा येत नाही.

एकाएकी अनेक कोंबड्या मरू लागल्या, तर मात्र पुरण्याचीही घाई नको. कुत्री बांधून ठेवावीत, मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनी शिवू नये आणि त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. नमुने तेथील डॉक्टर घेतील.