समुद्रकाठची व्यसनमुक्ती



अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मालिबू येथे समुद्रकाठी व्यसनमुक्तीची आलिशान निवासी केंद्रे आहेत. स्वतंत्र खोली, पोहण्याचा तलाव, खास आचारी. आणि महिन्याचा खर्च हजारो डॉलर! श्रीमंताने तेथे खुशाल जावे. व्यसन त्यालाही सोडीत नाही. पण दारू सुटते ती समुद्र पाहून काय? अंगातले विष उतरवायला डॉक्टर लागतो. पुढे लागते ती सोबत. १९३५ साली त्याच देशात, अ‍ॅक्रन शहरी, एक शेअरदलाल आणि एक शस्त्रवैद्य, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांशी बोलत बसले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ उभी राहिली. तिला फी नाही.

मग कामगाराला अडते कोठे? रजेपाशी! १९९३ च्या अमेरिकन कायद्याने पात्र कामगाराला अशा उपचारासाठी १२ आठवड्यांपर्यंत रजा मिळते, नोकरीही राहते. पण रजा बिनपगारी. तेवढे दिवस घरची चूल कशावर पेटायची?

म्हणून आम्ही संघटनेची माणसे म्हणतो, समुद्र तुमचा तुम्हांला लखलाभ. आम्हांला भरपगारी रजा हवी, आणि परतल्यावर कामावरची जागा शाबूत हवी. एवढी चैन कामगाराला मिळालीच पाहिजे!