छापाखालचा नंबर वाचा

(पिंपळी, ता. बारामती येथील बैठकीतील भाषण)



ज्वारीचा दाणा दाताखाली फोडला की वाळलाय की नाही ते कळतं. कापसाचा धागा बोटांनी ओढला की लांबी समजते. पण बाजारातून आणलेल्या वायरीत तांबं किती आणि वरचं आवरण कसलं, हे ओल्या रानात झटका बसेपर्यंत कळत नाही. म्हणून खूण लागते.

आयएसआयची खूण १९५२ च्या कायद्यानं आली. १९८७ पासून ते काम भारतीय मानक ब्यूरोकडे आहे. मुळात ही योजना खुशीची. कारखानदारानं आपण होऊन अर्ज करायचा, माल तपासून घ्यायचा, फी भरायची, मग खूण छापायची. सिमेंट, गॅसचं सिलिंडर अशा काही वस्तूंना ती सक्तीची केली. सोन्याचा हॉलमार्कही २००० साली खुशीनं सुरू झाला, २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला.

लायसन्स-परमिटशी आपण जन्मभर भांडलो, मग या छापाची तरफदारी कशाला, असं कोणी विचारील. परमिट नसेल तर धंदाच बंद. खुशीची खूण नसली तरी माल विकता येतो. घ्यायचा की नाही ते गिऱ्हाईक ठरवतं. बियाण्याचंही तेच. १९६६ च्या कायद्यानं लेबल सक्तीचं, प्रमाणीकरण ऐच्छिक. निळी चिठ्ठी प्रमाणित बियाण्याची. संकरित कपाशीच्या पाकिटावर ती बहुधा नसते. तिथं नुसता कंपनीचा शब्द.

मात्र चित्राला भुलू नका, चित्र कोणीही छापतो. खुणेच्या वर मानकाचा आयएस क्रमांक असतो, खाली सीएम/एल लिहून परवान्याचा नंबर. पोराच्या मोबाइलवर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो घाला. कारखान्याचं नाव दिसतं, परवाना चालू आहे की संपला तेही दिसतं. हे दुकानातच करा. दुकानदाराला राग आला तर येऊ द्या.

आणि खूण सगळं सांगत नाही. फवारणी पंपावर ती असली म्हणून टाकीतलं विष मवाळ होत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण सक्तीचा आहे: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. तो पाहिल्याशिवाय झाकण उघडू नका.

पावतीचं मात्र आपण फार हलगर्जीपणानं घेतो. सदोष बियाण्याच्या दाव्यात शेतकरी हा ग्राहकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली सांगितलं. पण दावा कागदावर चालतो. वायर असो, पंप असो, मालाचं नाव, कंपनी आणि खुणेखालचा नंबर पक्क्या पावतीवर दुकानदाराच्या हातानं लिहून घ्या. बियाण्याची पिशवी चिठ्ठीसकट पीक निघेपर्यंत जपून ठेवा.