पंचगंगेला पट्टी हाय, आपल्या झऱ्याला वही करा

(वनहक्क मेळाव्यात संघटनेच्या वतीनं केलेलं हे बोलणं. ज्यांना डोंगर उतरून येता आलं नाही, त्यांच्यासाठी छापलंय. वाड्यावर सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचून दाखवावं.)

आया-बहिणींनो, म्हाताऱ्या माणसांनो, पोरांनो,

आज आम्ही एकच विषय घेतोय. आपलं पाणी आणि त्या पाण्याचा कागद.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी मोजायला पट्टी आहे. ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका. २००५ ला, २०१९ ला, २०२१ ला महापूर आला तेव्हा सगळा जिल्हा त्या पट्टीकडं डोळे लावून बसला होता. पण ती नदी येते कुठनं? भोगावती आणि तुळशी राधानगरीच्या डोंगरातनं, कुंभी गगनबावड्यातनं, कासारी शाहूवाडीतनं. म्हणजे आपल्या वाड्यांच्या उशापासनं. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. खाली शिरोळला त्याचा दहावा हिस्साबी मोठ्या मुश्किलीनं. एवढं पाणी आपल्या डोक्यावर पडतं, आणि एप्रिल लागला की आपल्याच बाया हंडा घेऊन झऱ्यापाशी रात्र काढतात. नदीला पट्टी हाय, झऱ्याला काहीच न्हाई.

हा झरा कसा चालतो ते म्हाताऱ्यांना ठाऊक आहे, पण पोरांसाठी सांगतो. वर सडा आहे, जांभ्या दगडाचा. जांभा भोकाभोकाचा, तो पाऊस पिऊन घेतो. त्याच्या खाली चिकट मातीचा थर. पाणी तिथं अडतं आणि सड्याच्या कडेला, जंगलाच्या सावलीत, झरा होऊन बाहेर येतं. सडा खरवडला, बॉक्साईटसाठी खणला, की पाणी प्यायला दगडच उरत नाही. उतारावरचं झाड गेलं की पाणी मातीसकट खाली पळतं. मग पावसाळ्यात खालच्याला पूर आणि उन्हाळ्यात आपल्याला कोरड. दुखणं एकच आहे.

आता कागदाचं. गावाचा विकास आराखडा ग्रामपंचायत करते. ‘आमचा गाव, आमचा विकास’ असं त्याचं नाव. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला होता, दुसरीकडं वळवता येत नव्हता. त्यातलं वाड्यावर किती पोचलं, ज्यानं त्यानं आठवून बघावं. आमच्या एका वाड्यानं झऱ्यापासनं पाईप मागितला. एका कचेरीत सांगितलं, “जागा वनखात्याची, आम्हाला हात लावता येत नाही.” दुसऱ्या कचेरीत सांगितलं, “तुमचा झरा आराखड्यातच नाही.” दोन्ही साहेब आपापल्या जागी बरोबर, आणि हंडा बाईच्या डोक्यावर तसाच.

आपल्या जिल्ह्यात पेसा लागू नाही, कारण इथं अनुसूचित क्षेत्र नाही. पण २००६ चा वनहक्क कायदा इथं पुरा लागू आहे. त्यातल्या चार गोष्टी पाठ करा.

एक. कलम ५. जंगल, त्यातले जीव, लगतचं पाणलोट क्षेत्र आणि पाण्याच्या जागा राखायचा अधिकार हक्कधारकाला आणि ग्रामसभेला कायद्यानं दिलाय. ही कुणाची मेहेरबानी नव्हं.

दोन. कलम ३(२). पिण्याच्या पाण्याची पाईपलाईन, लहान तळं, पाणी अडवायचं काम ह्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. त्यासाठी हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. म्हणजे ‘हात लावता येत नाही’ हे उत्तर खरं नाही.

तीन. नियम १३. सामूहिक दाव्याला पुरावा म्हणून माणसाचं आणि जनावराचं पाणवठं चालतं, चराईचं रान चालतं. म्हाताऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. धनगरवाड्यांना आणि इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, दाखवावी लागतात. घराचा उतारा नाही म्हणून आपण रडत बसतो. आज्ज्यानं बांधलेली झऱ्याची दगडी कुंडी हा पुरावाच आहे की! मात्र एका पुराव्यावर थांबू नका, दोन-तीन तरी जोडा.

चार. दाव्याच्या ग्रामसभेला निम्मी माणसं हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. बाया नसल्या तर ठराव टिकणार नाही. पाणी कुठं, कधी आटतं हे त्यांनाच माहीत, मग त्यांच्याशिवाय बोलणार तरी कोण?

लांब गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. त्यांच्या ग्रामसभेनं आधी बसून आपल्या जंगलाचा अभ्यास केला होता. आपलं गाव वेगळं, जिल्हा वेगळा, कायदा तोच.

२०११ साली माधव गाडगीळांच्या समितीनं पश्चिम घाटाचा अहवाल दिला. निर्णय ग्रामसभेपासनं वर जावा, असं त्यात म्हटलं होतं. पुढं गावांच्या याद्या मात्र वरनं खाली आल्या, आणि आपल्याला भीती घालण्यात आली की आता शेण काढायलाबी परवानगी लागंल. भीतीला उत्तर म्हणजे आपला स्वतःचा आराखडा.

आता आपल्या आतलं बोलतो, राग मानू नका. झऱ्यावर आपलीच जनावरं उतरतात, चिखल करतात. फाल्गुनात सड्यावर वणवा लागतो, तो दरवेळी बाहेरचाच लावतो असं नाही. राखायचा अधिकार मागायचा तर आधी राखून दाखवलं पाहिजे. झऱ्याच्या वर गुरं बांधायची नाहीत. गुरांची कुंडी खालच्या अंगाला. वणव्याची पाळी ठरवून घ्या.

आणि काम काय? प्रत्येक वाड्यानं दोनशे पानी वही घ्यावी. महिन्यातनं एकदा, पौर्णिमेला, घागर झऱ्याखाली धरायची आणि भरायला किती मिनिटं लागली ते लिहायचं. शाळेतली पोरगी लिहील. बारा महिन्यांत बारा आकडे होतील. ती आपली पट्टी. कागदावर सडा, झरा, देवराई, चराईची वाट काढा, म्हाताऱ्यांना विचारून नावं घाला. मग २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला ती वही आणि नकाशा घेऊन उतरायचं. झरा आराखड्यात, पाईपलाईनची शिफारस ठरावात, आणि ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल आपल्या हातात. नक्कल घेतल्याशिवाय उठायचं नाही. तीच नक्कल सामूहिक दाव्याला जोडायची.

झरा कागदावर आला की वाडा कागदावर येतो. इतकी वर्षं आपण पाणी खाली सोडत आलो, आता वहीसकट आपण खाली उतरू.

जिंदाबाद!