मोटारीचा मेंदू आणि मोटारीच्या तारा



दसऱ्याच्या सायंकाळीं दसरा चौकांत जमलेल्या पुष्कळांचे डोळे सोनें लुटण्याआधीं एका मोटारीकडे लागलेले असतात. छत्रपतींची ती मेबॅक गाडी १९३६ सालची. तिला ज्यांचें नांव आहे त्या घराण्यांतील विल्हेल्म मेबॅक यांनींच गेल्या शतकाच्याही आधीं, १८९३ च्या सुमारास, पेट्रोलचा बारीक फवारा उडविणारा कार्ब्युरेटर सिद्ध केला होता. त्या पिढीच्या गाडींत पेट्रोल किती जावें हें इंजिनाचा श्वास ठरवितो. विजेकडे ठिणगी, दिवे आणि भोंगा एवढीच कामगिरी. अशी गाडी अडली, तर जुना मिस्त्री कान लावून ऐकतो, धूर हुंगतो, एखादा स्क्रू पाव आटा फिरवितो, आणि बहुधा गाडी चालूं लागते.

आज मी ज्या मोटारींविषयीं बोलणार आहें, त्या हिच्याहून तीस-चाळीस वर्षांनीं धाकट्या. आतां त्याही जुन्या झाल्या आहेत आणि हौशी मंडळी त्यांना जिवापाड जपतात. परंतु त्यांच्या दुखण्याची जात निराळी. त्यांत कार्ब्युरेटर नाहीं. सिलिंडरच्या तोंडाशीं एकेक बारीक पिचकारी बसविलेली असते. तिला इंजेक्टर म्हणतात. इंधनाच्या पिचकारीची कल्पना कोल्हापुरास नवी नाहीं. शिवाजी उद्यमनगरांत ज्यांनीं ऑइल इंजिनें घडविलीं, त्यांना पंप आणि नोझल हीं घरच्या माणसांसारखीं ठाऊक आहेत. मात्र तेथें पंपाचा दट्ट्या तेल जोरानें ढकलतो आणि त्या दाबानें नोझल उघडतें. या मोटारींत पिचकारी उघडते ती विजेनें, सेकंदाच्या कांहीं सहस्रांश भागापुरती. किती वेळ उघडायची, हें ठरविणारी एक पत्र्याची पेटी गाडींत कोठें तरी दडलेली असते. लोक तिला मेंदू म्हणतात.

अमेरिकेंत बेंडिक्स कंपनीनें १९५७ च्या सुमारास हा प्रयोग केला. तो बाजारांत टिकला नाहीं. त्याच मार्गानें जाऊन जर्मनीच्या बॉश कंपनीनें १९६७ सालीं डी-जेट्रॉनिक नांवाची योजना अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या फोक्सवॅगन गाड्यांना बसविली. धुराविषयींचे तिकडील कडक नियम हें त्याचें एक मोठें कारण. आपल्याकडे असलीं इंजिनें सर्रास दिसूं लागलीं तीं १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस.

आतां हा मेंदू इंजिन पाहत नाहीं, हें ध्यानांत घ्यावें. त्याला नाक नाहीं, कान नाहीं. पाणी किती तापलें, हवा किती थंड आहे, नळींत दाब किती, पाय किती दाबला, या सर्व वार्ता त्याला तारांतून येतात. वाड्याच्या आंतल्या दालनांत बसलेल्या कारभाऱ्यासारखी त्याची स्थिति आहे. हलकाऱ्यानें खोटा निरोप आणला, तर त्याचा हुकूमही खोटाच निघावयाचा. दोष मात्र कारभाऱ्याला लागतो.

माझ्या एका स्नेह्यांची १९७३ सालची जर्मन बनावटीची गाडी आहे. वडिलांची, म्हणून जपलेली. एका पावसाळ्यांत तिनें विचित्र खोडी धरली. सकाळीं ती झटकन् सुरू होई. पण तापली कीं अडखळे, काळसर धूर सोडी आणि पेट्रोल तर पिऊंच लागे. त्यांनीं ती एका मोठ्या शहरांतल्या कारखान्यांत नेली. तेथें दोन दिवसांनीं निर्णय मिळाला कीं मेंदू गेला. परदेशांतून जुना मिळाला तर पाहा, नाहीं तर गाडी काढून टाका. स्नेही गाडी काढण्याच्या विचारापर्यंत आले होते. त्याआधीं एकदां दाखवूं, म्हणून आम्हीं ती कोल्हापुरांतल्या एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली. त्यांनीं पेटीला हात लावला नाहीं. प्रथम विचारलें, "थंड असतांना बरी आणि तापल्यावर वाईट, असंच ना? मग तिला तापल्याचं कळतंय का, तें बघूं."

पाण्याची उष्णता सांगणारा एक लहान सेन्सर या इंजिनांत असतो. तो तापेल तसा त्याचा विरोध उतरतो: २० अंशांना सुमारें २५०० ओम, ८० अंशांना अवघा ३०० च्या आसपास. मिस्त्रींनीं इंजिन चांगलें तापविलें, किल्ली बंद केली, सेन्सरवर मीटर लावला. ३०० च्या जवळपास! म्हणजे सेन्सर खरें बोलत होता. मग पेटीचा कपलर काढून त्याच दोन तारा पेटीच्या टोंकाकडून मोजल्या. तेथें मीटर अडीच हजारांवर जाऊन उभा राहिला.

वाटेंत दोन हजारांवर ओम कोठून आले? इंजिन ८० अंशांवर होतें आणि पेटीला निरोप मिळत होता २० अंशांचा. गार इंजिनाला जादा पेट्रोल लागतें, म्हणून ती बिचारी इमानानें जादा पेट्रोल देत होती. मिस्त्रींनीं तारेचा तुकडा तुकडा मोजीत शेवटीं सेन्सरवरच्या कपलरचें रबर मागें सारलें. आंत तारेला दाबून बसविलेलें थिंबल हिरवेंगार झालें होतें. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यांत ताक ठेवलें म्हणजे तें कळकतें, तशांतलाच हा प्रकार. गगनबावड्याकडून येणारा आपला पाऊस आणि चारचार महिने न सुकणारी हवा यांना पन्नास वर्षांच्या तांब्यावर दुसरें काय करावयाचें असतें? काळी पडलेली तार इंचभर कापून त्यांनीं नवें थिंबल बसविलें. दुरुस्तीला वेळ लागला तो वीस मिनिटें. शोधाला मात्र सारी दुपार गेली.

मिस्त्रींची दुसरी एक रीत मला फार मोलाची वाटली. पेट्रोलचा पंप चालेना, तर पुष्कळजण तेथें मीटर लावतात, १२ व्होल्ट दिसले कीं तार निर्दोष ठरवितात आणि नवा पंप आणतात. येथेंच फसगत होते. नळाची तोटी बंद असतां अर्धवट बुजलेल्या नळांतही दाब पुरा दिसतो. तोटी सोडली म्हणजे करंगळीएवढी धार येते. मीटर वीज जवळजवळ ओढीतच नाहीं. तारेचा एकच पदर शाबूत असला, तरी तो १२ दाखवील. म्हणून काम चालूं असतांना मोजावें, किंवा तेथें एक दिवा जोडून तो लख्ख पेटतो कीं मिणमिणतो तें पाहावें. अर्थच्या तारेचीही हीच परीक्षा. इंजिन चालूं असतां बॅटरीची ऋण खुंटी आणि इंजिनाचें अंग यांमध्यें व्होल्टचा एकदोन दशांशाहून अधिक फरक दिसला, तर ती तार उकलून, घांसून, पुन्हां आवळावी. जुन्या गाडीच्या रंगरंगोटींत अर्थच्या जागेवरही रंग बसतो, आणि सुंदर दिसणारी गाडी त्या दिवसापासून आजारी पडते. हें मीं एकाहून अधिक वेळां पाहिलें आहे.

दोन गोष्टी मात्र करूं नयेत. इंजेक्टर चालतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्याला बॅटरीचा प्रवाह "डायरेक्ट" देण्याची आपल्याकडे संवय आहे. या जुन्या इंजेक्टरांचा विरोध अडीच ओमांच्याही आंत असतो. गाडींत त्यांच्या वाटेवर प्रवाह रोखणारे रेझिस्टर असतात. ते वगळून १२ व्होल्ट दिले कीं आंतलें वेटोळें तापून जळतें. दुसरें, किल्ली चालूं असतां पेटीचा कपलर ओढूं नये, आणि गाडीवर विजेचें वेल्डिंग करावयाचें झाल्यास पेटी आधीं सोडवून ठेवावी. पेट्रोलच्या नळींत दोन वातावरणांएवढा दाब असतो, तेव्हां ठिणगी उडेल असा कोणताही प्रयोग नळी पाझरत नाहीं हें पाहिल्यावांचून करूं नये, हें वेगळें सांगावयास नको.

स्नेह्यांनीं पुढच्या रविवारीं गाडी पन्हाळ्यास नेली. चढावर ती एकदांही अडखळली नाहीं. परत आल्यावर मिस्त्रींनीं तिचे प्लग काढून पाहिले. काजळी जाऊन त्यांवर फिकट तपकिरी रंग आला होता. मिस्त्रींनीं ते पुसून पुन्हां जागेवर बसविले आणि कापलेलें हिरवें थिंबल स्नेह्यांच्या हातावर ठेवून हात धुवावयास गेले.