काठावरचे शेजारी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला ‘आपल्या बागेतील पक्षी’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. मी काही पक्षितज्ज्ञ नव्हे. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी चालायला सांगितले आणि नातवाने आपली जुनी दुर्बीण गळ्यात अडकवली, एवढीच माझी पात्रता. तेव्हा जे डोळ्यांनी पाहिले तेच सांगेन. शेवटी एक कबुलीही द्यायची आहे.

आपली बाग गंगेच्या काठी आहे, हे आपले भाग्य. सकाळी साडेसहाला गेलात तर खडकावर पाणकावळा पंख पसरून बसलेला दिसेल. बुड्या मारताना त्याची पिसे भिजतात, म्हणून आपण धुणे वाळत घालावे तसा तो पंख वाळवीत असतो. चिखलात वंचक उभा असतो, पण मातकट रंगामुळे तो दिसतच नाही. उडाला की एकदम पांढरेशुभ्र पंख! दिवाळीच्या सुमारास शेपटी सारखी वरखाली करीत धोबी येतो. हा उत्तरेकडचा पाहुणा थंडी संपली की परत जातो. हीच आपली गंगा पुढे निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वराला जाते. तिथे हिवाळ्यात पाणपक्ष्यांचे थवेच्या थवे उतरतात. त्या जागेला रामसर पाणथळाचा मान मिळाला आणि हा मान मिळवणारी ती महाराष्ट्रातील पहिली जागा ठरली.

आता सुगरणीची एक गंमत ऐका. घरटे विणते ती सुगरण, असे आपण मानतो. पण विणणारा असतो नर! तो अर्धे घरटे विणून ठेवतो, मादी येऊन पाहून जाते आणि तिच्या पसंतीस उतरले तरच पुढचे काम होते. ती अंड्यांवर बसली की हे महाशय दुसरे घरटे विणून दुसरीची वाट पाहू लागतात. डॉ. सालिम अली यांनी अलिबागजवळच्या किहीमला राहून हे सारे बारकाईने पाहिले आणि १९३१ साली लिहून प्रसिद्ध केले. म्हणजे नाव आपले, काम त्याचे, आणि पुढचा संसार पुन्हा आपल्याच गळ्यात!

हसलात, बरे वाटले. आता कबुली देते.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आपण स्वच्छता सप्ताह पाळला. बागेच्या टोकाला नदीकडे उतरणारी मातीची दरड आहे. तिच्यातली बिळे उंदराघुशींची असणार, तिथे साप येतील, मुले खेळतात, तेव्हा ती बुजवावीत, ही सूचना माझी होती. तीन बिळे आपण दगडमाती ठासून बंद केली. मी स्वतः वरून घमेलेभर माती थापली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाभळीवर खंड्या बसला होता. तांबडी चोच, निळी पाठ, छातीवर पांढरा ठिपका. चोचीत सरडा होता, पण तो गिळीत नव्हता. दरडीपर्यंत जाई, भिरभिरून परत फांदीवर येई. मी कौतुकाने दुर्बीण लावून पाहत राहिले. तेवढ्यात माळीदादा म्हणाले, “बाई, त्याचं घर बुजवलंत तुम्ही. पोरं आत हायेत.”

आम्ही दोघांनी हातांनी माती उकरली आणि दूर जाऊन बसलो. तासाभराने खंड्या आत गेला आणि बाहेर आला. सरडा त्याच्या चोचीतच होता. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्यावरून जे समजायचे ते मी समजले.

नंतर मी शिकले. खंड्या उभ्या दरडीत चोचीने बोगदा खणतो आणि त्याच्या टोकाला अंडी घालतो. बिळाच्या तोंडाशी विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले की घरात पिले आहेत असे जाणावे. सिमेंटमध्ये त्याला खणता येत नाही, आणि आपल्या काठावर माती उरली आहे ती एवढ्या दरडीपुरतीच.

यंदा होळीनंतर तिथेच, हातभर अंतरावर, नवे बीळ झाले आहे. त्यांनी आपल्याला क्षमा केली असे मी म्हणत नाही. त्यांना दुसरी जागाच नाही.

आज आपल्यापुढे ठराव आहे, की वर्धापनदिनाच्या निधीतून दरडीला सिमेंटचा गिलावा करून तीवर पक्ष्यांची चित्रे काढावीत. हेतू चांगलाच आहे. पण चित्रांसाठी खऱ्या खंड्याला घराबाहेर काढणे आपल्याला शोभेल का? चित्रे रस्त्याकडच्या कुंपणाच्या भिंतीवर काढू. ती लोकांना अधिक दिसतील. दरड मात्र आहे तशी राहू द्या, आणि होळीपासून पावसाळा संपेपर्यंत तिथे खुरपे नको, की फावडे नको.

मत देण्यापूर्वी येत्या रविवारी सकाळी माझ्याबरोबर या. दुर्बीण एकच आहे, आळीपाळीने पाहू. पण दरडीपासून वीस पावले दूर उभे राहायचे आणि बोलायचे नाही. आपल्या मंडळाला हे दुसरे जरा जड जाईल, हे मी जाणून आहे.